सीआरपी लाल आहे, पण लघवी तपासली का?

पत्र थोडक्यात: कोपरखैरण्यात राहणाऱ्या, ५१ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. त्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन रोज १००० मिलिग्रॅम आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम चालू आहे. नोकरी ठाण्यात, जाणं-येणं ट्रान्स हार्बर लोकलने. गणपती झाल्यावर सोसायटीच्या आवारात एका लॅबने शिबिर भरवलं, तिथे त्यांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांचं पॅकेज घेतलं. रिपोर्टमध्ये चार आकडे लाल आले: एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) ७.४, फायब्रिनोजेन ४२८, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा) ८.१ आणि हिमोग्लोबिन ९.६. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, किडनीचं क्रिएटिनिन ०.८, शिबिरात घेतलेलं बीपी १४२/८८. घरच्या ग्लुकोमीटरवर मात्र उपाशीपोटी १०८ ते १२२ आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी १४० ते १६० येतं. शिबिराच्या आठवडाभर आधी त्यांना ताप येऊन गेला होता. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, पाळी अनियमित झाली आहे आणि अंगावरून खूप जातं, हे त्यांनी पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे. वडिलांना ५३व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, "सीआरपीचं सोडा, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू करू." भाच्याचं म्हणणं, कोलेस्टेरॉल हा मुद्दाच नाही, खरा रोग आतला दाह. त्याने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवून दिल्या आहेत. थोरला भाऊ म्हणतो, थेट सीटी अँजिओग्राफी (डाय टोचून हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन) करून मोकळी हो. लॅबवाले दर तीन महिन्यांनी हेच पॅकेज घ्या, वर्षाचे पैसे आधी भरले तर सवलत, म्हणून फोन करताहेत. ताई विचारतात: "मला जिना चढताना काही त्रास होत नाही. एकदा गोळी लागली की सुटत नाही म्हणतात. आधी सीआरपी खाली आणून बघते, मग गोळ्यांचं ठरवते. चालेल का?"

---

ताई, नाही. सीआरपी उतरण्याची वाट बघत गोळ्या लांबवू नका. आणि ज्या प्रथिनावरून तुमच्या रक्तवाहिन्यांबद्दल सगळ्यात उपयोगी माहिती मिळाली असती, ते या पॅकेजमध्ये मोजलेलंच दिसत नाही. ते लघवीत शोधावं लागतं. त्याकडे येतोच, पण तुमची झोप सीआरपीने उडवली आहे, म्हणून आधी ते.

सीआरपी यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही संसर्ग, जखम किंवा दाह असला की पेशींकडून इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन सुटतं आणि यकृत काही तासांत सीआरपी वाढवतं. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. शरीरात काहीतरी चाललं आहे एवढंच त्यावरून कळतं. कुठे आणि कशामुळे, ते कळत नाही. एचएस-सीआरपी म्हणजे त्याच प्रथिनाची जास्त बारीक मोजणी. हृदयविकाराच्या जोखमीसाठी लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त धरतात. १० च्या वर गेलं तर तो आकडा जोखमीसाठी वाचत नाहीत, आधी संसर्ग शोधतात.

तुमचा ७.४ हा ताप येऊन गेल्यावर आठवडाभरात घेतलेला आकडा आहे. रक्तातलं सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं होतं, पण त्यासाठी कारण संपलेलं असावं लागतं. ताप उतरला तरी खोकला, घसा, अंगदुखी रेंगाळत असेल तर यकृत सीआरपी बनवतच राहतं. त्यात तुमच्या हिरड्या. हिरड्यांतून रोज रक्त येणं म्हणजे तिथे कायमचा दाह आहे, आणि मधुमेहात तो जास्त होतो, जास्त टिकतो. तुम्ही वजन लिहिलेलं नाही, पण कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर पोटातली चरबीही सीआरपी थोडं वर ठेवते. म्हणजे ७.४ मधला किती भाग तापाचा, किती हिरड्यांचा, किती चरबीचा आणि किती रक्तवाहिन्यांचा, हे त्या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

पुन्हा मोजायचंच असेल तर ताप, सर्दी, दातदुखी यांतलं काही नसताना, निदान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी धरा. एकक तेवढं बघून घ्या. काही लॅब लिटरला मिलिग्रॅम देतात, काही डेसिलिटरला. ०.७४ आणि ७.४ हा एकच निकाल असू शकतो. दुसऱ्या लॅबमधला ०.७ बघून औषध लागू पडलं असं समजणारे आणि उलट दिशेने घाबरणारे, दोन्ही प्रकारचे लोक असतात.

फायब्रिनोजेनचं फार मनावर घेऊ नका. रक्त गोठवणारं हे प्रथिन यकृतच बनवतं आणि तेही ताप-संसर्गात वाढतं. लॅबची नेहमीची मर्यादा २०० ते ४०० असते. तापानंतरच्या ४२८ साठी कुठलीही गोळी नाही आणि ते वारंवार मोजण्याचं कारणही नाही.

आता भाच्याचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो त्यात दाहाचा वाटा असतो, हे आता पक्कं आहे. २०१७ मध्ये कॅन्टोस नावाच्या चाचणीत, आधी हार्ट अटॅक आलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या रुग्णांना दाह दाबणारं एक इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल होतं तिथेच राहिलं, तरी मधल्या डोसवर अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू असं सगळं मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालं. पण त्याच चाचणीत जीवघेणे संसर्गही वाढले, म्हणून ते इंजेक्शन यासाठी वापरात आलं नाही. शिवाय तिथे दाबलं होतं दाहाच्या साखळीतलं वरचं रसायन. सीआरपी हे त्या साखळीच्या शेवटी तयार होतं. जन्मतःच जनुकांमुळे ज्यांचं सीआरपी थोडं जास्त असतं, त्यांना केवळ त्यामुळे हृदयविकार जास्त होत नाही, असं २०११ मध्ये मोठ्या प्रमाणावर केलेल्या जनुकीय विश्लेषणात दिसलं. म्हणून "आधी सीआरपी उतरवते" हे ध्येय ठेवलंत तर चुकीच्या ठिकाणी मेहनत होईल. दाह कमी करण्यासाठी तुमच्या हातात असलेली जागा हिरड्यांची आहे. डेंटिस्टकडे जाऊन हिरड्यांची खोली मोजून घ्या आणि खोल साफसफाई करून घ्या. मधुमेहींमध्ये हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीसुद्धा ०.३ ते ०.४ ने उतरतं. कुणी तंबाखू किंवा मिश्री लावत असेल तर तीही थांबवायला हवी.

हळदीच्या कॅप्सूल मात्र घेऊ नका. आमटीतली, भाजीतली हळद निर्धास्त खा. कॅप्सूलमध्ये असतो तो दाट अर्क, आणि तो जास्त शोषला जावा म्हणून त्यात बहुधा मिरीतलं पायपरिनही घातलेलं असतं. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तुम्ही स्टॅटिन सुरू करणार, आणि पुढे यकृताचे आकडे वाढले तर दोष कुणाचा हे कळणार नाही. मग उपयोगाची गोळी बंद केली जाईल.

यापुढचं जास्त लक्ष देऊन वाचा. मधुमेहात नुकसान दोन जातींच्या रक्तवाहिन्यांचं होतं. मोठ्या धमन्या, म्हणजे हृदय, मेंदू आणि पायांच्या. आणि केसाहून बारीक केशवाहिन्या, म्हणजे डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि नसांना पोसणाऱ्या. दोन्हींना आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतं आणि रक्तपेशी चिकटू देत नाही. साखर सतत वर राहिली की या पेशींना ती आत येण्यापासून थांबवता येत नाही. पेशीच्या आत ताण वाढतो, नायट्रिक ऑक्साइड घटतं, अस्तरावर पांढऱ्या पेशी चिकटू लागतात. दुसरीकडे साखर भिंतीतल्या कोलॅजेनला कायमची चिकटून बसते आणि भिंत कडक होते. केशवाहिनीखालचा पडदा जाड होतो. जाड झाला म्हणजे मजबूत झाला असं नाही, तो गळू लागतो. यातलं काहीही दुखत नाही. जिना चढताना त्रास होत नाही ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यावरून या अस्तराची अवस्था कळत नाही.

ती सगळ्यात लवकर कळते मूत्रपिंडात. तिथल्या गाळणीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जवळजवळ जात नाही, कारण ते आकाराने मोठं असतं आणि त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. गाळणीच्या अस्तरावरचा थर त्याला मागे लोटतो. मधुमेहात हा थर झिजला की अल्ब्युमिन झिरपायला लागतं. क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी हे होतं. तुमचं ०.८ क्रिएटिनिन घेऊन हिशेब केला तर ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) साधारण ८९ येतो, आणि तरीही गळती सुरू झालेली असू शकते. ही गळती म्हणजे केवळ किडनीचा प्रश्न नाही. ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन जातं त्यांना हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोकाही जास्त असतो, कारण अस्तराची झीज साधारणपणे अंगभर चाललेली असते. टाइप २ मधुमेहात निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी. तुमच्या नऊ वर्षांत एकदाही झाल्याचा उल्लेख पत्रात नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली.

लॅबमध्ये "युरिन रुटीन" मागू नका. त्यातल्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसतच नाही. "युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो" असं स्पष्ट सांगा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार. पाळी चालू असताना किंवा डाग जात असताना देऊ नका. तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, रक्त मिसळलं तर आकडा खोटा वाढेल. ताप, लघवीला जळजळ, आदल्या दिवशी खूप व्यायाम किंवा मोठी पायपीट, बीपी किंवा साखर फार चढलेली, या वेळाही टाळा. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली आलं तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे, ३०० च्या वर जास्त. काही लॅब मिलिमोलमध्ये देतात. तिथे ३ हा आकडा साधारण ३० च्या जागी समजा. एकदा जास्त आलं म्हणून निदान होत नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनदा मोजून दोनदा वाढलेलं दिसलं तर खरं मानायचं. कितीही चांगली लॅब असली तरी ही तपासणी तुमच्या पॅकेजच्या मानाने स्वस्त पडते.

आता एचबीएवनसी ८.१. साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यातून कळते. सूत्राने ८.१ म्हणजे सरासरी साखर सुमारे १८६. तुमचा ग्लुकोमीटर १०८ ते १६० च्या मधे आहे. दोन्ही एकाच वेळी बरोबर असतील तर उरलेल्या वेळात, म्हणजे दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, साखर फार वर जात असली पाहिजे. ठाण्याहून गाडी पकडून घरी येऊन साडेनऊला जेवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे अगदी शक्य आहे, आणि तुम्ही त्या वेळी कधी मोजलेलंच नाही.

दुसरी शक्यता तुमच्या ९.६ हिमोग्लोबिनमध्ये आहे. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खऱ्याहून जास्त दिसू शकतं. आणि तुम्ही लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की नव्या, कमी वयाच्या पेशी रक्तात येतात आणि तोच आकडा झपाट्याने उतरतो, साखर तशीच असली तरी. त्यामुळे अ‍ॅनिमिया दुरुस्त होईपर्यंत या आकड्यावर औषध वाढवणं किंवा कमी करणं दोन्ही धोक्याचं. सलग नसलेल्या तीन दिवशी सात वेळा मोजा: तिन्ही जेवणांआधी, तिन्हींनंतर दोन तासांनी आणि झोपताना. त्यातला एक दिवस सुट्टीचा ठेवा. परवडत असेल तर दंडावर लावायचा चौदा दिवसांचा सेन्सर एकदा लावून घ्या. डॉक्टरांना फ्रुक्टोसामिन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिनबद्दलही विचारा. ही तपासणी रक्तातल्या इतर प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते, दोन-तीन आठवड्यांचं चित्र देते आणि तिचा तांबड्या पेशींशी संबंध नसतो.

अ‍ॅनिमियाच्या तपासणीतही एक खड्डा आहे. फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन सीआरपीसारखंच दाहात वाढतं. तुमचं फेरिटिन ५० आलं तर लॅब त्याला नॉर्मल म्हणेल आणि लोहाची कमतरता सुटून जाईल. एरवी निरोगी माणसात १५ च्या खाली कमतरता धरतात, पण संसर्ग किंवा दाह असताना जागतिक आरोग्य संघटना ७० ची मर्यादा सांगते. म्हणून फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे, तेही बघायला सांगा. २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी असण्याची शक्यता दाट. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असल्याने बी-१२ ही त्याच सुईत करून घ्या. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ याच महिन्यात घ्या. या वयात इतकं रक्त जाणं हे "पाळी जायच्या आधी होतंच" म्हणून सोडून द्यायचं नसतं. सोनोग्राफी, आणि गरज पडली तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. बायका हे सगळ्यात शेवटी लिहितात, सगळ्यात शेवटी दाखवतात. तुमच्या चार लाल आकड्यांपैकी लगेच हलवायला हवा असा हा हिमोग्लोबिनचाच आहे.

गोळ्यांकडे येऊ. स्टॅटिनचा निर्णय सीआरपीवर अवलंबून नाही. भाचा तुम्हाला ज्युपिटर ही २००८ ची चाचणी दाखवेल, त्यात सीआरपी बघून स्टॅटिन दिलं होतं. पण त्या चाचणीत मधुमेही घेतलेच नव्हते. तुमच्यासारख्यांवरची चाचणी म्हणजे २००४ ची कार्ड्स. टाइप २ मधुमेह आहे, हृदयविकार अजून झालेला नाही, अशा २८३८ लोकांपैकी निम्म्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम आणि निम्म्यांना नकली गोळी. हृदय आणि मेंदूचे मोठे झटके ३७ टक्क्यांनी कमी झाले आणि फायदा इतका ठळक होता की चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी थांबवली. म्हणूनच ४० ते ७५ वयाच्या मधुमेहींना एलडीएल फार नसलं तरी स्टॅटिन सुचवतात. तुमच्या बाबतीत वडिलांचा अटॅक ५५ च्या आतला, बीपीही बहुधा वाढलेलं. त्यामुळे एलडीएल ७० च्या खाली आणायचं धरून चाला. ११८ हा आकडा लाल छापलेला नाही म्हणून तो तुमच्यासाठी ठीक आहे असं नव्हे. गोळी सुरू झाल्यावर चार ते बारा आठवड्यांत लिपिड पुन्हा करायचं. यकृताची तपासणी सुरुवातीला एकदा. मांड्या-खांदे दोन्ही बाजूंनी दुखायला लागले तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. थायरॉइड बघतात, डोस किंवा स्टॅटिन बदलतात, बहुतेकांचं त्यात जमतं. साखर किंचित वाढते हे खरं आहे, झटके टळण्याच्या फायद्यापुढे ती वाढ लहान आहे. वडिलांच्या इतिहासामुळे लायपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारा एक वेगळा कण, एकदा मोजा. ते जनुकांवर ठरतं, आयुष्यात एकदा पुरतं. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर एलडीएलबाबत आणखी कडक राहावं लागतं आणि तुमच्या भावानेही ते करून घ्यावं.

"एकदा लागली की सुटत नाही" याबद्दल. गोळीची सवय लागत नाही. मधुमेह सुटत नाही, म्हणून गोळी चालू राहते. चष्म्याला कुणी "लागला की सुटत नाही" म्हणून नकार देत नाही, इथेही तसंच बघा.

टेल्मिसार्टनच्या आधी घरचं बीपी घ्या, शिबिरातल्या गर्दीतल्या एका आकड्यावर जाऊ नका. दंडावर बांधायचं मशीन, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी. १३०/८० च्या वर राहत असेल, किंवा लघवीत अल्ब्युमिन निघालं, तर ही गोळी बरोबर निवडली आहे, कारण ती बीपीबरोबर गाळणीतला दाबही उतरवते. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर ते अपेक्षित असतं, घाबरून बंद करायचं नाही. "लो सोडियम" म्हणून मिळणारं मीठ टाळा, त्यात पोटॅशियम असतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून खाऊ नका. गर्भधारणेची शक्यता असलेल्या वाचक मैत्रिणींनी स्टॅटिन आणि टेल्मिसार्टन या दोन्ही गोळ्यांआधी डॉक्टरांना तसं सांगायलाच हवं. अल्ब्युमिन जास्त निघालं तर डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या, किडनीलाही जपणाऱ्या गोळ्यांचाही विचार होतो. अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून घेऊ नका. इतकं रक्त जात असताना तर मुळीच नाही.

एकेका आकड्यामागे न धावता सगळं एकत्र सांभाळलं तर काय होतं, हे डेन्मार्कच्या स्टेनो-२ चाचणीने दाखवलं. मधुमेह आणि लघवीत थोडं अल्ब्युमिन असलेले १६० लोक. निम्म्यांना साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम यांवर एकाच वेळी कडक उपचार. सुमारे आठ वर्षांत हृदय-मेंदूचे झटके आणि डोळे-किडनीची गुंतागुंत जवळपास निम्म्यावर आली. एकवीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या गटातले लोक मध्यमानाने ७.९ वर्षं जास्त जगले होते.

भावाच्या सीटी अँजिओग्राफीला सध्या नको म्हणा. २०१४ च्या फॅक्टर-६४ चाचणीत लक्षणं नसलेल्या ९०० मधुमेहींपैकी निम्म्यांची अशी अँजिओग्राफी केली. मृत्यू किंवा अटॅक यांत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. निकाल काहीही आला तरी तुम्हाला लागणारे उपचार तेच राहतात, वर किडनीवर डायचा भार. पण जिना चढताना दम लागायला लागला, छातीवर, जबड्यात किंवा पाठीत दाब आला, कारण नसताना दरदरून घाम फुटला, तर मग थांबायचं नाही. मधुमेही बायकांत छातीत न दुखताही अटॅक येतो. त्या वेळी १०८ ला फोन आणि ईसीजी, सीआरपी नव्हे.

डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासून घ्या, दरवर्षी. साखर एकदम खाली आणायच्या आधी तर नक्कीच, कारण झपाट्याने उतरली की पडद्याची जुनी खराबी काही काळ वाढू शकते. पायांना मोनोफिलामेंटची (नायलॉनचा धागा टेकवून संवेदना बघायची) तपासणी आणि घोट्याजवळच्या नाड्या, डॉक्टरांच्या टेबलावर पाच मिनिटांचं काम आहे. कुणी घोटा-दंड बीपीचा रेशो काढला आणि तो १.४ च्या वर आला तर त्याला छान समजू नये. मधुमेहात धमन्या चुन्याने कडक झाल्या की आकडा असा फसवा वाढतो. पैशांची अडचण असेल तर वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा ठाण्याच्या बाजूने कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय इथल्या ओपीडीत चौकशी करा.

लॅबचे वर्षाचे पैसे भरू नका. या वर्षी तुम्हाला हव्यात त्या तपासण्या म्हणजे लघवीचा रेशो, लोहाच्या तपासण्या, बी-१२, एकदा लायपोप्रोटीन-ए, गोळ्यांनंतरचं लिपिड, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि अ‍ॅनिमिया सुधारल्यावर एचबीएवनसी. सुट्ट्या करा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर करा. दर तीन महिन्यांनी सीआरपी आणि फायब्रिनोजेन मोजून उपचारात काहीच बदलत नाही.

आणि नवरात्र तोंडावर आहे म्हणून हे आत्ताच. नऊ दिवसांचे उपवास करणार असाल तर ग्लिमेपिराइडबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. ही गोळी पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सोडायला लावते आणि दुपारी साखर एकदम खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गटातलं औषध तोवर सुरू झालंच तर तेही न विचारता उपवासात चालू ठेवू नका, कडक उपाशी राहिल्यास रक्तात कीटोन वाढू शकतात. साबुदाण्याची खिचडी जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्याऐवजी थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी असं ठेवा. हातपाय थरथरले, घाम आला, गाडीत डोळ्यांपुढे अंधारी आली तर पर्समध्ये ठेवलेलं तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी साखर मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या आणि मग काहीतरी खा.